तारीख, वेळ आणि टाइम झोन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथले प्रश्न माझे नाहीत. सॉफ्टवेअरमध्ये तारीख-वेळ हाताळताना अडलेल्या लोकांनी ते पाठवलेत, आणि बरेचसे इतक्या वेळा आलेत की उत्तरं एका जागी लिहून ठेवावीशी वाटली. आधी साधे, मग चकवणारे, असा क्रम आहे. उदाहरणांतले आकडे देवनागरीत छापलेत. कोडमध्ये आणि फाइलींत ते इंग्रजी अंकांतच लिहायचे. त्याचं कारण प्रश्न ९ मध्ये सापडेल.

१. तारीख साठवायला कोणता फॉरमॅट चांगला?

डेटाबेसमध्ये तारखेचा खास प्रकार असेल तर तोच वापरा, मग फॉरमॅटचा प्रश्नच उरत नाही. फाइलचं नाव, लॉग, दोन सिस्टिममधली देवाणघेवाण अशा ठिकाणी मजकूर म्हणूनच लिहावी लागणार असेल, तर आधी वर्ष, मग महिना, मग दिवस: २०२६-०३-०५. १९८८ साली आलेलं आयएसओ ८६०१ हे आंतरराष्ट्रीय मानक हेच सांगतं. ०३/०५/२०२६ असं लिहिलं तर कुणी ३ मे वाचेल, कुणी ५ मार्च, आणि दोघंही आपापल्या सवयीने बरोबरच असतील. वर्ष आधी लिहिण्याचा आणखी एक फायदा रोजच्या कामात जाणवतो: अशी नावं असलेल्या फाइली अक्षरानुक्रमे लावल्या की आपोआप कालानुक्रमे लागतात. फाइलच्या नावात वेळही घालणार असाल तर कोलन टाळा, विंडोजला तो फाइलच्या नावात चालत नाही.

माणसाला दाखवताना मात्र महिना अक्षरात लिहा: ५ मार्च २०२६. गैरसमजाला जागाच राहत नाही.

२. 'सगळं यूटीसीमध्ये (जगभराच्या समाईक प्रमाणवेळेत) साठवा' असं सगळीकडे सांगतात. तेवढं पुरेसं आहे ना?

नाही. माझ्याकडे आलेल्या बहुतेक तक्रारींचं मूळ याच सल्ल्यात निघालं, म्हणून इथे जरा थांबतो. 'तारीख-वेळ' हे एकच नाव आपण तीन निराळ्या गोष्टींना देतो.

पहिली म्हणजे क्षण. पैसे जमा झाले, कुणी लॉगिन केलं, सेन्सरने तापमान नोंदवलं. हे एकदाच घडलं आणि जगात कुठूनही पाहिलं तरी तोच क्षण आहे. असा क्षण बिनधास्त यूटीसीमध्ये ठेवा.

दुसरी म्हणजे भिंतीवरच्या घड्याळातली वेळ. "न्यूयॉर्कच्या ऑफिसात पुढच्या वर्षी १५ नोव्हेंबरला सकाळी ९ वाजता मुलाखत." ही गोष्ट अजून घडायची आहे, आणि शब्द दिलाय तो तिथल्या घड्याळातल्या नऊचा. मधल्या काळात घड्याळाचा नियम बदलला तर तुम्ही यूटीसीमध्ये साठवलेला आकडा चुकेल, पण माणसं नऊलाच येऊन बसतील. इथे स्थानिक वेळ आणि टाइम झोनचं नाव, दोन्ही साठवायची. यूटीसी लागेल तेव्हा त्यावरून काढायची.

तिसरी म्हणजे नुसती तारीख: जन्मतारीख, सुट्टी, बिलाची तारीख. तिला वेळही नसते आणि टाइम झोनही नसतो. ते चिकटवले की ती बिघडते. कशी, ते पुढच्याच प्रश्नात आहे.

नवा रकाना करताना मी आधी एवढंच विचारतो: हा क्षण आहे, घड्याळातली वेळ आहे, की तारीख? याचं उत्तर मिळेपर्यंत फॉरमॅटची चर्चा मी सुरूच करत नाही.

पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. 'टाइमस्टॅम्प विथ टाइम झोन' या प्रकाराचं नाव फसवं आहे. तो आलेली वेळ यूटीसीमध्ये बदलून ठेवतो आणि मूळ झोन टाकून देतो. झोन हवा असेल तर त्याला स्वतंत्र रकाना लागतो.

३. फॉर्म सेव्ह केला की जन्मतारीख एक दिवस मागे जाते. असं का?

मी हे पहिल्यांदा पाहिलं ते एका नोंदणीच्या फॉर्मवर. एका बाईंची जन्मतारीख १५ ऑगस्ट होती. पत्ता बदलायला त्यांनी फॉर्म उघडला, सेव्ह केला, तारीख झाली १४. काही दिवसांनी फोन नंबर बदलला, तारीख झाली १३. तारखेच्या चौकटीला त्यांनी हातही लावला नव्हता. आम्ही मात्र आधी त्यांनाच विचारत बसलो की चुकून तुमच्याकडून बदलली का. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

घडत होतं ते असं. तारीख निवडायचं कॅलेंडर १५ ऑगस्टचा अर्थ '१५ ऑगस्ट, ००:००, स्थानिक वेळ' असा घेत होतं. यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असलेल्या ठिकाणी त्याचं यूटीसी रूप होतं १४ ऑगस्ट, १८:३०. सर्व्हरला पाठवताना वेळेचा भाग कापला जायचा आणि १४ उरायचे. पुढच्या सेव्हला १४ पासून तीच फेरी.

पश्चिमेकडे हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने घडते. जावास्क्रिप्टला नुसती '२०२४-०३-१०' एवढी तारीख वाचायला दिली तर ती यूटीसीची मध्यरात्र धरली जाते. पुढे वेळ जोडली आणि झोन दिला नाही, तर स्थानिक वेळ धरली जाते. त्यामुळे न्यूयॉर्कमध्ये ही नुसती तारीख ९ मार्च, संध्याकाळचे ७ अशी दिसते. यूटीसीच्या पूर्वेला बसलेल्या डेव्हलपरला स्वतःच्या मशीनवर ही चूक कधी दिसतच नाही, आणि "आमच्याकडे तर बरोबर येतंय" हे वाक्य तिथूनच निघतं.

उपाय एकच. जन्मतारखेचा क्षण करू नका. फॉर्मपासून डेटाबेसपर्यंत तिला तारीख म्हणूनच न्या.

४. टाइम झोन आणि ऑफसेट यांत फरक काय?

ऑफसेट म्हणजे त्या घडीला यूटीसीपासून असलेलं अंतर, जसं +५:३० किंवा −५:००. टाइम झोन म्हणजे एखाद्या जागेच्या अशा अंतरांचा सगळा इतिहास आणि पुढचे नियम. न्यूयॉर्कचा ऑफसेट हिवाळ्यात −५ आणि उन्हाळ्यात −४ असतो, कारण उन्हाळ्यात तिथे घड्याळं तासभर पुढे करतात (यालाच उन्हाळी वेळ म्हणतात). झोन वर्षभर एकच, 'अमेरिका/न्यूयॉर्क'. ही नावं आयाना (इंटरनेटवरची नावं आणि क्रमांक सांभाळणारी संस्था) हिच्या टाइम झोन डेटाबेसमधून येतात. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० च्या दशकात सुरू केलेला हा संग्रह २०११ पासून आयानाच्या छत्राखाली आहे, आणि तुमचा फोन, सर्व्हर, ब्राउझर बहुधा त्याच्याच कुठल्या ना कुठल्या प्रतीवर चालतात.

ऑफसेट पूर्ण तासांतच असतो असं धरून पूर्णांकाचा रकाना करू नका. नेपाळ यूटीसीच्या पावणेसहा तास पुढे आहे. न्यूझीलंडच्या चॅटम बेटांची प्रमाणवेळ पावणेतेरा तास पुढे आहे. वरची मर्यादा १२ आहे हेही खरं नाही: किरिबातीची लाइन बेटं +१४ वर आहेत.

या संग्रहातलं एक नाव फार लोकांना फसवतं. 'ईटीसी/जीएमटी+५' याचा अर्थ यूटीसीच्या पाच तास मागे असा आहे, चिन्ह उलटं. पॉझिक्स या युनिक्सच्या जुन्या मानकातून ते आलंय. त्याच्या वाटेला जाऊ नका.

५. ड्रॉपडाउनमध्ये आयएसटी, सीएसटी अशी लघुरूपं दिली तर चालतील?

चालणार नाहीत. आयएसटी भारताची वेळ, आयर्लंडची आणि इस्रायलचीही. सीएसटी अमेरिकेच्या मध्य भागाची, चीनची आणि क्युबाची. लोकांना शहराचं नाव आणि सध्याचा ऑफसेट दाखवा, आत झोनचं पूर्ण नाव साठवा.

नावंही बदलतात. 'एशिया/कलकत्ता'चं 'एशिया/कोलकाता' झालं, २०२२ मध्ये 'युरोप/किएव्ह'चं 'युरोप/कीव' झालं. जुनी नावं टोपणनावं म्हणून चालू ठेवलेली असतात आणि काही ब्राउझर अजून तीच परत देतात. दोन नावांची अक्षरं जुळली नाहीत म्हणून झोन वेगळा, असं कोडमध्ये धरू नका. विंडोजची नावं तर पूर्ण निराळी आहेत. त्यांची आयानाच्या नावांशी जोडी लावणारा तक्ता सीएलडीआरमध्ये तयार मिळतो (सीएलडीआरबद्दल प्रश्न ९ पाहा).

६. वापरकर्त्याचा टाइम झोन कसा ओळखायचा?

ब्राउझरलाच विचारा. जावास्क्रिप्टच्या इंटल (भाषा-प्रदेशाप्रमाणे लिहिण्याच्या) सुविधेतून झोनचं पूर्ण नाव मिळतं. आयपी पत्त्यावरून अंदाज बांधलात तर व्हीपीएन वापरणारा माणूस भलत्याच खंडात दिसेल. मिळालेलं नाव आधी सुचवा आणि माणसाला ते बदलू द्या, कारण प्रवासात असलेल्याला कधी घरची वेळ हवी असते तर कधी मुक्कामाची. फक्त ऑफसेट विचारून भागत नाही. कारण प्रश्न ४ मध्ये आहे.

७. फॉरमॅटमध्ये कॅपिटल आणि स्मॉल अक्षराने एवढं काय बिघडतं?

वर्ष बदलतं. जावा आणि सीएलडीआरच्या पद्धतीत स्मॉल वाय म्हणजे कॅलेंडरचं वर्ष आणि कॅपिटल वाय म्हणजे आठवड्याचं वर्ष. आयएसओच्या हिशेबात आठवडा सोमवारी सुरू होतो आणि वर्षातला पहिला गुरुवार ज्या आठवड्यात येतो तो पहिला. सोमवार, २९ डिसेंबर २०२५ हा दिवस त्यामुळे २०२६ च्या पहिल्या आठवड्यात पडतो. कॅपिटल वाय वापरणाऱ्याला तिथे '२०२६-१२-२९' छापून येतं, सरळ एक वर्ष पुढे. ही चूक वर्षातले जेमतेम काही दिवस दिसते, तेही अगदी वर्ष बदलताना, आणि जानेवारीचे पहिले दिवस उलटले की आपोआप नाहीशी होते. म्हणून ती वर्षानुवर्षं कोडमध्ये टिकून राहते.

याच पद्धतीत कॅपिटल एम म्हणजे महिना, स्मॉल एम म्हणजे मिनिटं. कॅपिटल डी म्हणजे वर्षातला कितवा दिवस, म्हणून ५ मार्च २०२६ चा '६४' होतो. स्मॉल एच बारा तासांचा. सोबत एएम-पीएम नसेल तर पहाटेचे ३ आणि दुपारचे ३ एकसारखे दिसतात.

आता खरी पंचाईत. मोमेंट आणि डेजेएस या जावास्क्रिप्टच्या लायब्ररींमध्ये वर्षाला कॅपिटल वाय आणि दिवसाला कॅपिटल डी हेच बरोबर. सी आणि पायथनच्या 'एसटीआरएफटाइम'मध्ये कॅपिटल एम म्हणजे मिनिटं. गो भाषेत अक्षरंच नाहीत. तिथे २ जानेवारी २००६, १५:०४:०५ ही एक ठरलेली वेळ हव्या त्या रूपात लिहून दाखवायची. एका भाषेतला फॉरमॅट दुसरीत चिकटवण्याआधी तिथलं डॉक्युमेंटेशन उघडा, स्वतःच्या आठवणीवर विसंबू नका.

८. सगळ्या तारखा २१ जानेवारी १९७० च्या दिसतायत!

सेकंदांना मिलिसेकंद समजलं गेलंय. युनिक्सची वेळ १ जानेवारी १९७० च्या यूटीसी मध्यरात्रीपासूनचे सेकंद मोजते. जावास्क्रिप्ट तिथूनच मिलिसेकंद मोजतं. १ जानेवारी २०२६ चा सेकंदांतला आकडा १७६७२२५६०० असा दहा अंकी आहे. तो मिलिसेकंद म्हणून वाचला तर जेमतेम वीस दिवस भरतात. उलट चूक झाली तर सन ५७,००० च्या पुढचं साल दिसतं. हल्लीच्या तारखांसाठी ओळखायची खूण सोपी आहे: दहा अंक म्हणजे सेकंद, तेरा अंक म्हणजे मिलिसेकंद. रकान्याच्या नावातच एकक लिहून टाका.

तारीख नेमकी १ जानेवारी १९७० दिसत असेल तर बहुधा तिथे तारीखच नाही, रिकाम्या जागेचं शून्य झालंय.

९. मराठी भाषा निवडली की तारखेचे अंक देवनागरीत येतात आणि पुढचं कोड मोडतं. काय करू?

अंक देवनागरीत येतात ते बरोबरच आहे. भाषांप्रमाणे तारीख-वेळ कशी लिहावी याची माहिती यूनिकोडच्या सीएलडीआर या संग्रहात असते, आणि मराठीसाठी त्यात देवनागरी अंक हीच मूळ निवड आहे. मराठी वाचकाला '५ मार्च २०२६' तसंच दिसायला हवं.

बिघाड पुढे आहे: माणसाला दाखवण्यासाठी तयार केलेला मजकूर कुणीतरी पुन्हा यंत्राला वाचायला देतंय. जावास्क्रिप्टच्या रेजेक्समधलं (मजकुरातले नमुने शोधायच्या पद्धतीतलं) अंक ओळखणारं चिन्ह फक्त इंग्रजी अंक ओळखतं. पायथन ३ मात्र देवनागरी अंकही अंक म्हणून स्वीकारतो. त्यामुळे सर्व्हरवर चालतं आणि ब्राउझरमध्ये कोसळतं, असं चित्र दिसतं आणि शोधण्यात दिवस जातो. फॉरमॅट केलेला मजकूर शेवटच्या टप्प्यावर, पडद्यासाठीच तयार करा. साठवायला, पाठवायला, तुलना करायला मूळ मूल्य वापरा. एखाद्या तक्त्यात मराठी महिन्यांसोबत इंग्रजी अंकच हवे असतील तर लोकेलच्या (भाषा-प्रदेशाच्या निवडीच्या) नावापुढे 'यू-एनयू-लॅटन' ही जोड देता येते.

हा नियम इंग्रजीलाही लागू आहे. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या सीएलडीआर ४२ ने इंग्रजी वेळेत मिनिटं आणि पीएम यांच्यामधली साधी स्पेस बदलून तिथे अरुंद, ओळ न तोडणारी स्पेस घातली. डोळ्यांना काहीच फरक दिसत नव्हता, पण तो मजकूर अक्षर न् अक्षर जुळवून पाहणाऱ्या चाचण्या ठिकठिकाणी कोसळल्या.

१०. मराठी पडद्यावर एएम-पीएम लिहावं की सकाळ-दुपार?

माझा कौल 'संध्याकाळी ५:३०' ला आहे. 'पीएम' कळतं सगळ्यांना, पण संध्याकाळ वाचायला थांबावं लागत नाही. पहाट कुठे संपते आणि सकाळ कुठे सुरू होते याच्या सीमा स्वतः ठरवू नका, सीएलडीआरमध्ये त्या आहेत. वेळापत्रकं, लॉग, तुलना करायचे तक्ते यांत चोवीस तासांचं घड्याळ ठेवा.

भाषांतरात सगळ्यात जास्त मोडतोड वाक्याच्या जोडकामात होते. '१ तासापूर्वी' पण '२ तासांपूर्वी', तेव्हा आकडा आणि 'तासपूर्वी' असे तुकडे चिकटवून चालत नाही. इंटलमधली सापेक्ष वेळेची सुविधा वापरा. तारखेला विभक्ती प्रत्यय लावणंही टाळा. '५ मार्चला' ठीक दिसतं, पण फॉरमॅटमध्ये साल आलं की '५ मार्च २०२६ला' असं अडखळणारं काहीतरी तयार होतं. वाक्यच बदला: 'शेवटची तारीख: ५ मार्च २०२६'.

आणि 'परवा' हा शब्द बटणांवर, सूचनांमध्ये वापरू नका. बोलताना क्रियापदावरून कळतं की गेलेला परवा की येणारा. नुसतं 'परवा, दुपारी ३:००' लिहिलं तर कळायला मार्ग नाही.

११. 'रात्री १२ पर्यंत मुदत' म्हणजे नक्की कोणती रात्र?

वाचणारे दोन तट पडतात, म्हणून असं लिहूच नका. २३:५९ लिहा आणि सोबत तारीख आणि झोन द्या. बारा तासांच्या घड्याळात १२:०० एएम म्हणजे मध्यरात्र आणि १२:०० पीएम म्हणजे दुपार. इथे चुकणारे पुष्कळ आहेत.

१२. घड्याळं पुढे-मागे होतात त्या दिवशी काय होतं?

एक वेळ गायब होते आणि एक दोनदा येते. न्यूयॉर्कमध्ये ८ मार्च २०२६ ला पहाटे २:०० चे थेट ३:०० होतात. त्या दिवशी २:३० ही वेळच नाही. १ नोव्हेंबरला १:०० ते १:५९ हा तास दोनदा येतो, म्हणून '१:३०' एवढं सांगून क्षण ठरत नाही, ऑफसेटही लागतो. गायब वेळ आली तर पुढे सरकवायची की नाकारायची, दुहेरी वेळेतली पहिली घ्यायची की दुसरी, हे तुमच्या लायब्ररीने आधीच ठरवलेलं असतं. ते काय आहे हे वाचून घ्या, आणि पैशांचा व्यवहार असेल तर माणसालाच विचारा. सर्व्हर स्थानिक वेळेवर असेल तर पहाटे २:३० ला लावलेलं क्रॉनचं (ठरल्या वेळी आपोआप चालणारं) काम त्या दिवशी बुडू शकतं. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर ठेवा.

बदल एका तासाचाच असतो असंही नाही. ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाउ बेटावर तो अर्ध्या तासाचा आहे. आणि दिवस ००:०० लाच सुरू होतो हेही सगळीकडे खरं नाही. ब्राझीलमध्ये उन्हाळी वेळ होती तोपर्यंत (ती २०१९ मध्ये बंद झाली) घड्याळं मध्यरात्रीच पुढे जात, म्हणून साओ पावलोत वर्षातला एक दिवस ०१:०० ला सुरू होई. जुन्या नोंदी वाचणाऱ्या कोडला तो दिवस अजून भेटतो.

१३. लंडन आणि न्यूयॉर्कची साप्ताहिक मीटिंग मार्चमध्ये तासभर सरकते. बग आहे का?

बहुधा नाही. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, ब्रिटन शेवटच्या रविवारी. २०२६ मध्ये ८ ते २९ मार्च या काळात दोन्ही शहरांतलं अंतर पाचऐवजी चार तास असतं, आणि शरद ऋतूत २५ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर पुन्हा तसंच. मीटिंग एका कुठल्यातरी शहराच्या घड्याळाला बांधावीच लागते; कोणत्या, ते ठरवा आणि पडद्यावर लिहा. पण दोन्ही शहरांत ती सरकत असेल, तर तुम्ही ती यूटीसीमध्ये साठवलीय. प्रश्न २ पाहा.

१४. एक दिवस मिळवणं म्हणजे २४ तास मिळवणंच ना?

क्षणांच्या हिशेबात २४ तास, कॅलेंडरच्या हिशेबात 'उद्या याच वेळी'. घड्याळ बदलतं त्या दिवशी हे दोन वेगळे पडतात, कारण तो दिवस २३ किंवा २५ तासांचा असतो. औषधाचा डोस पहिल्या हिशेबाने, सकाळची आठवण दुसऱ्या.

महिना आणखी निसरडा. ३१ जानेवारीत एक महिना मिळवला की २८ फेब्रुवारी. त्यात पुन्हा एक मिळवला की २८ मार्च, म्हणजे ३१ हा आकडा कायमचा हरवला. मासिक वर्गणीची पुढची तारीख मागच्या तारखेवरून काढू नका. मूळ तारखेत एक, दोन, तीन महिने मिळवत जा.

१५. 'आजचा' अहवाल प्रत्येकाला वेगळा दिसतो. शिवाय शेवटच्या सेकंदाच्या नोंदी गळतात.

दोन वेगळ्या गोष्टी. पहिली: 'आज' कुणाचा? सोमवारी यूटीसी १०:३० वाजता लाइन बेटांवर मंगळवार लागलेला असतो आणि अमेरिकन सामोआत अजून रविवारची रात्र असते. एका क्षणी पृथ्वीवर तीन तारखा. अहवालाच्या डोक्यावर झोन छापा.

दुसरी: शेवटची सीमा २३:५९:५९ ठेवली की त्यानंतरचे मिलिसेकंद बाहेर पडतात. दिवसाच्या सुरुवातीपासून, ती धरून, दुसऱ्या दिवसाच्या सुरुवातीपर्यंत, ती सोडून, असा पट्टा घ्या.

१६. एखाद्या देशाने अचानक नियम बदलला तर?

बदलतात, आणि कधीकधी हातात दिवस मोजके असतात. मार्च २०२३ मध्ये लेबनॉनच्या सरकारने ऐनवेळी उन्हाळी वेळ पुढे ढकलली. काही संस्थांनी ते मानलं नाही, देशात काही दिवस दोन वेळा चालल्या आणि शेवटी निर्णय मागे घेतला गेला. टाइम झोन संग्रहाच्या त्या आठवड्यातल्या आवृत्त्यांनाही तसंच पुढे-मागे व्हावं लागलं. सामोआने तारीखरेषेची बाजू बदलताना ३० डिसेंबर २०११ हा दिवसच गाळला. कझाकस्तानने १ मार्च २०२४ पासून सगळा देश +५ वर आणला.

तुमच्याकडे या संग्रहाची एकच प्रत नसते: ऑपरेटिंग सिस्टिमची एक, जावाची एक, एखाद्या लायब्ररीची आणखी एक, ब्राउझरची निराळी. एक अद्ययावत आणि दुसरी जुनी असली की एकाच पानावर दोन वेळा दिसतात. कोणकोणत्या प्रती आहेत त्याची यादी आजच करून ठेवा. पुढच्या मीटिंगांच्या यूटीसी वेळा काढून ठेवल्या असतील तर अपडेटनंतर त्या पुन्हा काढा.

१७. सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडली की तारखा बदलतात.

एक्सेल तारखेसारखं दिसणारं सगळं स्वतःच्या समजुतीने तारीख करतं. जनुकांची नावं मार्च आणि सप्टेंबरच्या तारखा होऊन बसत, हा त्रास इतका झाला की २०२० मध्ये मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीने ती नावंच बदलली. फाइल डबलक्लिकने न उघडता आयात करा आणि रकान्याला 'मजकूर' प्रकार द्या.

तारखेऐवजी ४६०२३ असा आकडा दिसला तर तो एक्सेलचा दिवसांचा क्रमांक आहे. हा १ जानेवारी २०२६. तो स्वतः सोडवताना एक मेख आहे. लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीटशी जुळवून घेण्यासाठी एक्सेल १९०० हे लीप वर्ष धरतं, जे ते नव्हतं. त्यामुळे ६० वा क्रमांक २९ फेब्रुवारी १९०० या कधीच न उगवलेल्या दिवसाचा आहे.

१८. २०३८ ची अडचण आजच का बघायची?

३२ बिटांच्या सेकंदमोजणीची मर्यादा १९ जानेवारी २०३८, ०३:१४:०७ यूटीसीला संपते. पण दीर्घ मुदतीच्या कर्जाचा शेवटचा हप्ता किंवा लांबची वैधता आजच त्यापलीकडे जाते. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या 'टाइमस्टॅम्प' प्रकाराची मर्यादा हीच आहे. असे रकाने शोधा.

१९. लीप सेकंद?

घड्याळ पृथ्वीच्या फिरण्याशी जुळतं ठेवायला मधूनच घालतात तो जादा सेकंद. १९७२ पासून असे २७ जोडले गेले, शेवटचा ३१ डिसेंबर २०१६ ला. युनिक्सची वेळ ते मोजत नाही. वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २०२२ मध्ये ही पद्धत २०३५ पर्यंत बाजूला सारायचं ठरवलंय. सामान्य ॲपला यात काही करायची गरज नाही. फक्त ६० हा सेकंद आला तर कोलमडू नका.

२०. चाचणीसाठी कोणत्या तारखा घेऊ?

२९ फेब्रुवारी आणि ३१ जानेवारी. वर्षअखेरीचे तीन दिवस, प्रश्न ७ साठी. महिना-दिवसाची अदलाबदल लपणार नाही अशी, १२ पेक्षा मोठ्या दिवसाची तारीख, आणि लपेल अशीही एक. न्यूयॉर्कमध्ये घड्याळ बदलतं त्या दोन्ही रविवारांच्या पहाटे (प्रश्न १२). झोनमध्ये काठमांडू, लॉर्ड हाउ, किरितिमाती (लाइन बेटं) आणि पागो पागो (अमेरिकन सामोआ). हे सगळं मशीनचा झोन एकदा पूर्वेला आणि एकदा पश्चिमेला ठेवून चालवा; प्रश्न ३ मधली चूक तेवढ्यानेच सापडली असती. त्याआधी कोडमध्ये एक बदल लागेल. 'आत्ता किती वाजले' हे जागोजागी सिस्टिमला न विचारता घड्याळ बाहेरून देता येईल अशी सोय करा. तसं नसेल तर यातली निम्मी उदाहरणं तपासायला तो दिवस उगवण्याची वाट पाहावी लागते.